आरशात एकदाच

दार लावून बस सोडली आणि मागून ओरडा झाला, "अगं थांब! आजी अडकल्यात!" बाबा, मी ब्रेक दाबला. नुकत्याच उतरलेल्या आजींच्या पिशवीचा पट्टा दारात अडकला होता. त्या दोन पावलं फरफटल्या, पण पडल्या नाहीत. काळजी करू नका.

तुम्ही बजावलं होतं, आरशात दोनदा बघायचं. मी एकदाच पाहिलं. बसला उशीर झाला होता.

आजी म्हणाल्या, "जा पोरी, मी कुठे सांगत नाही." तरी डेपोत मीच लिहून दिलं. नोकरीत कायम व्हायला आठवडाच उरलाय.

जेवले आहे. आईचा गुडघा कसा आहे? तिला यातलं काही बोलू नका.

तुमची ड्रायव्हर लेक

ता. क. सकाळी साहेबांनी कागद वाचून फाइलला लावला आणि चावी दिली. तिसऱ्या थांब्यावर त्याच आजी होत्या. पिशवी छातीशी घट्ट धरून चढल्या.