परवाना म्हणजे परवाना

३ मार्च
आजपासून रोज लिहायचं. थोडक्यात, मुद्द्याचं. ऑफिसच्या अनुवाद विभागात दिवसभर लोकांची गचाळ परिपत्रकं मराठीत करतो. निदान स्वतःचं तरी स्वच्छ लिहावं.

मुद्दा: मे महिन्यात परदेश. मी आणि बायको, दोघंच. लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्याची ट्रिप. ग्रुप टूर नाही. झेंडा धरलेल्या पोरामागे मेंढरांसारखं चालणं नाही. तिकडे गाडी भाड्याने घ्यायची आणि समुद्राकाठच्या रस्त्याने मी स्वतः चालवायची. बायकोची एकच अट. तिला वाटेल तिथे थांबायचं. म्हणाली, आपल्या गाडीतून सगळं दिसतं आणि बघेबघेपर्यंत निघून जातं. मी एकदा स्टिअरिंग हातात घेतलं की मुक्काम येईपर्यंत थांबत नाही, हे खरं आहे. त्याला शिस्त म्हणतात. पण केलं कबूल.

५ मार्च, संध्याकाळ
साडू आला. सोफ्यावर पाय वर घेऊन बसतो, मोज्यांसकट. मोज्याला भोक. भोकातून अंगठा. तो अंगठा हलवत हलवत सल्ले देतो. शिसारी येते.

आजचा सल्ला: इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. काही देशांत लागतं, काही ठिकाणी चालून जातं, पण गाडी देणारी कंपनी हमखास विचारते. त्याने म्हणे दोन वर्षांपूर्वी काढलं होतं. बायको आणि मेहुणी माना डोलावत होत्या, जणू कीर्तन चाललंय.

त्याला शांतपणे समजावलं. लायसन्स म्हणजे परवाना. परमिट म्हणजे परवाना. मी वीसेक वर्षं दोन्हींना परवानाच लिहितो आणि आजवर एक तक्रार नाही. माझ्याकडे परवाना आहे. जेवून उठलेल्याला परत पानावर कशाला बसवता? तो म्हणाला, तिकडची लिपीच वेगळी, तुमचं लायसन्स तिकडच्यांना काय कळणार? म्हटलं, त्यांना कळत नाही तर त्यांनी शिकावं.

गेल्यावर सोफ्याचं कव्हर धुवायला टाकलं.

८ मार्च
बायकोने विचारलं, परमिटचं काय केलं. परवा बघू म्हटलं.

११ मार्च
परत विचारलं. परवा म्हणजे परवा.

१४ मार्च
बायको म्हणाली, परवा परवा करून परवाना मिळत नसतो, तुम्हाला पर्वाच नाही. भाषेचे खेळ या घरात मी करतो. रागाने जेवताना एक शब्द बोललो नाही. भाजी आळणी होती तेही बोललो नाही.

१७ मार्च
मुख्य कार्यालयाचं फर्मान. यापुढे लायसन्सला ‘अनुज्ञप्ती’ लिहायचं आणि परमिटला ‘परवाना’. अनुज्ञप्ती! शी. तोंडात वाळू गेल्यासारखं वाटतं. शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, बरं झालं, दोन वेगळ्या गोष्टी तर शब्दही वेगळे हवेत. या बाई डब्याचं झाकण चाटतात. अशा माणसांशी परिभाषेवर वाद घालायचा नसतो. फर्मान खणात, खालच्या खणात टाकलं.

२३ मार्च, रविवार
तिकडे स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला असतं. सराव हवा. पार्किंगमध्ये आपल्याच गाडीत बायकोच्या सीटवर बसलो, स्वयंपाकघरातलं मोठं ताट स्टिअरिंग म्हणून हातात धरलं. वळणं उत्तम जमत होती. तोंडाने थोडा इंजिनाचा आवाज काढत होतो, गीअरचा अंदाज यावा म्हणून. वॉचमनने काचेवर टकटक केली. विचारलं, साहेब, बरं वाटत नाहीये का, मॅडमना बोलावू का. त्याच्या तोंडाला कच्च्या कांद्याचा वास. काच वर केली.

मग प्रत्यक्ष सराव. कंपाउंडमध्ये उलट्या बाजूने एक फेरी. सोसायटीच्या सेक्रेटरीची स्कूटर चुकीच्या जागी उभी होती. म्हणजे नेहमीच्याच जागी, पण आज ती चुकीची होती.

२४ मार्च
सेक्रेटरी घरी येऊन बोलून गेला. बोलताना थुंकी उडते त्याची. चष्मा दोनदा पुसला.

६ एप्रिल
गाडीच्या कंपनीचा ईमेल. बुकिंग पक्कं. खाली बारीक अक्षरांत: लायसन्स आमच्या लिपीत नसेल तर आंतरराष्ट्रीय परमिट सोबत हवं. बायकोने मोठ्याने वाचलं. मग भांडी घासायला गेली. भांडी फार वाजत होती.

ठरलं. काढायचं. पण साडूने सांगितलं म्हणून नाही. कंपनीने सांगितलं म्हणून. फरक आहे.

९ एप्रिल
लायसन्स ऑफिस. काय ती घाण. काउंटरच्या काचेवर हजार माणसांच्या बोटांचे तेलकट ठसे. दोऱ्याने बांधलेलं पेन, टोपण कोणीतरी चावलेलं. डिंकाच्या बाटलीत माशी, मेलेली, किती जुनी देव जाणे. बाकावर रुमाल पसरून बसलो तर शेजारच्याने त्याच रुमालावर आपली पिशवी ठेवली. नंबर आला. खिडकीतला म्हणाला, फोटोमागे पांढरा पडदा हवा, निळा चालत नाही. आणि जांभई दिली, सगळ्या दाढा दाखवून.

रुमाल तिथेच सोडून आलो.

१० एप्रिल
फोटो स्टुडिओ. आरशाला साखळीने बांधलेला सार्वजनिक कंगवा. त्यात केस. कोणाकोणाचे, विचारही करवत नाही. फोटोग्राफर म्हणाला, हनुवटी वर घ्या. घेतली. म्हणाला, दुसरी पण घ्या. फाजील माणूस.

१५ एप्रिल
परत लायसन्स ऑफिस. आज फोटो चालला, पण विमानाच्या तिकिटाची कॉपी नव्हती. मग मागच्या वेळी का नाही सांगितलं? म्हणाला, मागच्या वेळी तुम्ही फोटोवरच भांडत बसलात. माशी अजून तिथेच.

२१ एप्रिल
आलं! परमिट आलं. काय वस्तू आहे. कार्ड नाही, चक्क पुस्तिका. आत तोच मजकूर कितीतरी भाषांत, पानामागून पान. भारदस्त शिक्का. फोटोत मी एखाद्या देशाचा राजदूत दिसतो. त्याच्यापुढे ते लायसन्स काढून ठेवलं. प्लॅस्टिकचा कळकट तुकडा, त्यावर माझा पाकीट मारताना पकडलेल्या माणसासारखा चेहरा. कीव आली.

साडूला फोन केला. म्हटलं, परमिट काढलं, पण तुझ्या सांगण्यावरून नाही. तो म्हणाला, छान, आता फक्त लायसन्स पण... मी फोन ठेवला. त्याचं ‘फक्त’ कधी संपत नाही. शिवाय काहीतरी चघळत बोलत होता.

२२ एप्रिल
बायको आज खूश. नकाशा पसरून बसली होती. पेन्सिलीने खुणा करते, इथे थांबू, इथे थांबू. एके ठिकाणी नुसतीच खूण, तिथे ना गाव ना काही. विचारलं, इथे काय आहे? म्हणाली, काही नाही, म्हणूनच. बायकांचं काही कळत नाही. पण मी कबूल केलंय. सगळीकडे थांबणार. शक्य असेल तिथे.

३ मे, पॅकिंग
शांत डोक्याने विचार केला. परदेशात पाकीटमार फार. लायसन्स हरवलं तर परत त्या माशीच्या ऑफिसात जावं लागणार. नको. परवाना म्हणजे परवाना. मोठा बरोबर असताना धाकट्याला कशाला वणवण? लायसन्स कपाटाच्या लॉकरमध्ये ठेवलं, कुलूप लावलं, ओढून बघितलं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

बायकोने विचारलं, लायसन्स घेतलंत ना. म्हटलं, परवाना घेतलाय. तिचं समाधान झालं. खोटं काहीच बोललो नाही.

५ मे, विमानात
मागच्याने अनवाणी पाय माझ्या हाताच्या टेकूवर ठेवला आहे. नखं कापलेली नाहीत. परत येताना विमान कंपनीला पत्र लिहायचं.

बायको झोपलेली नाही. म्हणते, झोपेन कशी.

६ मे, सकाळ
एअरपोर्ट. गाडीचं काउंटर. च्युइंगगम चघळणारी मुलगी, नखं हिरवी. फोटोचं पान उघडून परमिट तिच्यापुढे ठेवलं. पाहिलं, हसली, आणि लायसन्स मागितलं. मी बोट दाखवलं. हे काय. ती म्हणाली, हा तर लायसन्सचा अनुवाद आहे. अनुवाद चांगला आहे, पण मूळ कुठे आहे?

मला विचारते. मूळ कुठे आहे, म्हणून. मला!

तिने पहिलंच पान उलटून एका वाक्यावर हिरवं नख टेकवलं. मूळ लायसन्स सोबत असेल तरच ग्राह्य. मी हे वाक्य वाचलं नव्हतं. अनुवादक स्वतःच्या फोटोचं पान आधी बघतो, त्यात गैर काय? मॅनेजरला बोलवा म्हटलं. मॅनेजर आला, ओठाला सँडविचचा सॉस. त्याला परवाना या शब्दाची मुळापासून फोड करून सांगितली. मागे रांग वाढत होती. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि तेच सांगितलं. कोणाला फोन करून लायसन्सचा फोटो मागवला तर? नाही. लायसन्स हातात हवं.

बायको बॅगेवर बसली. म्हणाली, मी विचारलं होतं. म्हटलं, मी खरं तेच सांगितलं होतं. ती म्हणाली, हो. रागावली असती तर परवडलं असतं.

६ मे, दुपार
बसस्टँड. फरशी चिकट, चपला उचलताना आवाज होतो. बस आहे, पण ती आतल्या हायवेने जाते. समुद्र लागतच नाही. बायकोला म्हटलं, जाऊ दे, समुद्र सगळीकडे सारखाच. पाणी ते पाणी. ती खिडकीकडे बघत राहिली. खिडकीबाहेर भिंत होती. तरी बघत राहिली.

मग पदर खोचला आणि बाहेर गेली.

आली ती एका टॅक्सीवाल्याला घेऊन. म्हातारा, पोट सुटलेलं, शर्टावर डाग. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. नकाशा मात्र दोघांच्या हातात, आणि पेन्सिलीच्या खुणांवर तो मान डोलावत होता.

तीव्र निषेध नोंदवला. नोंद कोणी घेतली नाही.

७ मे, संध्याकाळ, हॉटेल
सकाळी टॅक्सीने निघालो. बायको पुढे, म्हाताऱ्याच्या शेजारी. मी मागे. डिकीत त्याचं जाळं आणि दोरखंड, म्हणून मोठी बॅग माझ्या मांडीवर. गाडीत ओल्या कुत्र्याचा वास. कुत्रा कुठे दिसला नाही. सीटवर केस मात्र होते.

दुसऱ्या खुणेपर्यंत म्हातारा ‘थांबा’ हा शब्द शिकला. पुढे स्वतःच विचारायला लागला. थांबा? बायको म्हणायची, थांबा. गाडी कडेला, इंजिन बंद. ती उतरायची. एकदा कठड्यावर बसली. एकदा एका बाईचे वाळत घातलेले कपडे बघत उभी. ती काही नसलेली जागाही आली. तिथे खरंच काही नव्हतं. वारा होता. तिथेच सगळ्यात जास्त वेळ. म्हातारा काच पुसत होता, घाईच नाही. मी मागून म्हटलं, अशाने उशीर होईल. बायकोने विचारलं, कशाला? विचार केला. उत्तर सापडलं नाही, पण होत होता हे नक्की.

संकल्प: उद्या बसने पुढे जायचं. ठाम सांगायचं.

८ मे, सकाळ
हॉटेलची बाथरूम. साबणाला कोणाचा तरी केस. दाढी करत होतो, तेवढ्यात बाहेर बायकोने बहिणीला फोन लावला. आता सगळं बाहेर पडणार. साडू शेजारीच बसलेला असणार, अंगठा हलवत. ब्रश हातातच राहिला.

म्हणाली, अगं, हेच चालवतायत. काय सांगू तुला. थांबा म्हटलं की थांबतात. इंजिन बंद करतात. कशाला थांबायचं म्हणून विचारत नाहीत, घड्याळ बघत नाहीत. कितीही वेळ बसले तरी वर एक शब्द नाही. नाही गं, खरंच. मलाच वाटत होतं, पंचवीस वर्षं कुठे होता हा माणूस.

खूप हसत होती.

फोन ठेवून दारापाशी आली. दारातूनच म्हणाली, तुमच्या साडूपुढे तुमची लाज राखली हो. नळ सुरू असल्याने ऐकू आलं नाही असं दाखवलं. वाईट वाटलं. तिने माझं एवढं कौतुक केलं, त्यात माझं काहीच नव्हतं.

खाली हॉर्न वाजला. ती गेली. बॅग मला आणायला सांगून गेली.