धग कुणाच्या रक्तात

३ मार्च

आज पण आईने पाट्याला हात लावला नाही. तोमासा गेली त्याला तेवीस दिवस झाले. जन्माची मैत्रीण गेली तसं हिचं जगण्यावरून मनच उडालं. शहाण्णव वर्षांची बाई, महिन्यापूर्वीपर्यंत पहाटे उठून मका वाटायची — आता दाराशी खुर्चीत बसून रस्ता बघते. भाकरी मी केली. जाड झाली, करपलीसुद्धा. तिने तशीच खाल्ली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

५ मार्च

दवाखान्यातली नर्स योर्लेनी रक्त घ्यायला आली. आमच्या निकोयात माणसं शंभरी गाठतात, म्हणून इथल्या म्हाताऱ्यांचं रक्त राजधानीतल्या डॉक्टरांना दरवर्षी हवं असतं. यंदा मला म्हणाली, "फिनाताई, तुमचीही सत्तरी झाली, तुमचंही द्या." दिलं. आईने सुईकडे बघितलंही नाही.

योर्लेनी सांगत होती — वय झालं की अंगातला राखणदार बिघडतो. चोर नसताना दिवसभर भुंकतो, त्याने रक्तात बारीक धग राहते. सांधे, काळीज, सगळं हळूहळू पोळतं. आणि खरा चोर येतो तेव्हा हा दमून झोपलेला. "म्हणजे आमचा पिंतोच की," मी म्हटलं. परवा कोल्ह्याने कोंबडी नेली तेव्हा हा कुत्रा घोरत होता. योर्लेनी खूप हसली. आई नाही.

९ मार्च

आईने ताट अर्धं टाकलं. "भूक नाही गं." मला भीती वाटते. लिहूनच टाकते — ती जायच्या तयारीला लागली आहे.

२० मार्च

निकाल आला. आईचं रक्त पन्नाशीच्या बाईसारखं स्वच्छ. धग माझ्यात! आकडा बराच चढलाय म्हणे. योर्लेनीने हे आईसमोरच सांगितलं, वेंधळी कुठली.

आई खुर्चीतून उठली. काठी न घेता.

"गुडघे कधीपासून दुखतायत?"

"झालं असेल वर्ष."

"आणि मला आज कळतंय? आडवी हो आधी."

मला खरंच धास्ती बसलीय. आईच्या आधी मी गेले तर तिचं कोण करणार?

२१ मार्च

पहाटे पाट्याच्या आवाजाने जाग आली. पांघरुणात तोंड घालून रडले.

२८ मार्च

सत्तराव्या वर्षी लाडावलेली पोर झालेय. आल्याचा काढा, गुडघ्यांना शेक, आणि वर बोलणी. "तुला कोणी सांगितलं उठायला? बापावर गेलीस, ऐकायचं म्हणून नाही." तो बाप मी कधी बघितलेला नाही. भाकऱ्या पातळ, टम्म फुगलेल्या. स्वतः दोन खाते, मला तीन खायला लावते. काल तोमासाची आठवण काढून पहिल्यांदा रडली, मग डोळे पुसून चुलीत लाकूड सारलं. इतकं सुख लागतंय की लाज वाटते.

४ एप्रिल

योर्लेनी आली ती फाटकाशीच थांबली. तोंड उतरलेलं. बाटल्यांची अदलाबदल झाली होती. आमच्याकडे आडनावं दोन, एक बापाचं, एक आईचं; नाव न देता बाप निघून गेला की पोराला आईचीच दोन्ही लागतात. त्यात आईने हौसेने मला स्वतःचंच नाव ठेवलेलं. दोन बाटल्या, दोन्हींवर तीच देल्फिना. स्वच्छ रक्त माझं. धग आईच्या अंगात.

"औषध?" मी विचारलं.

"या वयात गोळ्या नकोत म्हणतात डॉक्टर. हातपाय चालते राहू देत, पोटभर जेवू देत. आणि एकट्या बसून राहता कामा नयेत." मग म्हणाली, "चूक माझी आहे. आजींना मीच सांगते."

आत आई मका वाटत होती. मी योर्लेनीचा दंड धरला आणि तिला तशीच रस्त्यापर्यंत पोचवून आले.

५ एप्रिल

पाचला जाग आली. गुडघे अजिबात दुखत नव्हते. पडून राहिले आणि हाक मारली — "आई, आज फारच ठणकतंय गं."