तुझ्यामुळे निघालेली जागा

जाई,

मला नोकरी लागली. खारघरला, तुझ्याच कॉलेजात. तू जीव दिलास, पेपरात आलं, तेव्हा कुठे त्यांनी समुपदेशकाची जागा काढली. माझं सासरचं आडनाव बघून मुलाखतीत कुणाला काही कळलं नाही. "हीच नोकरी का?" सरांनी विचारलं. "घरापासून जवळ पडते," मी म्हणाले. आई मात्र माझ्याशी बोलायची थांबलीय.

आठवडाभर कुणी फिरकलं नाही. आज एक मुलगी दारापर्यंत आली, पाटी वाचली आणि मागे वळली. माझ्या तोंडून तुझ्याच नावाची हाक गेली, "जाई!"

ती थांबली. "मी जाई नाही, मॅडम," म्हणाली आणि तिथेच रडायला लागली.

हाक मारली असती, तर तूही थांबली असतीस का गं?

तुझी,
अजून दाराकडेच बघत बसलेली
ताई