बोरगावच्या पारावरची मात

सौंसर, ५ डिसेंबर २०२४

चि. प्रणालीस अनेक आशीर्वाद.

पुस्तकाची कच्ची प्रत मिळाली. आपल्या भागातल्या बुद्धिबळाच्या डावांवर मी लिहिलेल्या टिपा तू टाइप केल्यास, त्याचं कौतुकच आहे. पण विजूची मात कोणाला विचारून काढलीस? अख्ख्या पुस्तकात बाईचा तो एकच डाव, आणि तोही तुझ्या सख्ख्या आईचा! वर समासात लिहितेस, संगणकाच्या मते ही मात होतच नाही. बोरगावच्या पारावर माणसांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे. माझं डोकं फिरलं आहे.

सोमवारी पुस्तक छापायला जाईल. त्याआधी डाव जागेवर ठेव. बसवाल्या गजाननच्या हाती संत्री पाठवतो. मी रागावलो तरी ती गोडच निघतील.

लोभ आहेच, तो टिकेल असं वाग.
भगवंतमामा

पांढुर्णा, ६ डिसेंबर

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

संत्री पोचली, रागही पोचला. आता माझाही ऐका. तपासल्याशिवाय एकही डाव छापायचा नाही, हे तुम्हीच बजावलं होतं. आईचा म्हणून चुकीचा डाव ठेवला, तर लोक तिलाच हसतील. तिच्या हत्तीचा आडवा शह बसतो, काळ्या राजाला पळायला घर नाही, इथवर तुमची टीप बरोबर. पण शेजारच्या पट्टीतलं काळं प्यादं मूळ घरातून दोन घरं चालून मध्ये उभं राहतं आणि शह तुटतो. संगणकाने हे लगेच दाखवलं. तुम्हाला इतक्या वर्षांत कसं दिसलं नाही?

आईला अजून काही सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल.

रागावूनही माया करता, तशीच करत राहा.
प्रणाली

सौंसर, ७ डिसेंबर

चि. प्रणालीस आशीर्वाद.

दोन घरं! काय करून राहिली बाप्पा तू? पारावरचा खेळ देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, ते मध्ये पोचणार कसं? तुझ्या यंत्राला परदेशी नियम ठाऊक, म्हणून आमची मात खोटी ठरवायची? हे मी खपवून घेणार नाही. आधी त्याला आपला खेळ शिकव, मग माझ्या बहिणीच्या डावाला हात लाव.

तुझाच,
भगवंतमामा

पांढुर्णा, ८ डिसेंबर

ती. दादास सा. न.

तुझं पत्र प्रणालीने माझ्यापुढे ठेवलं आणि माफी मागितली. देशी नियमाने तिने पुन्हा तपासलं. मात पक्की आहे, डाव जागेवर आला.

पण मला तुम्हा दोघांचाही राग आला आहे. खेळी माझी, आणि भांडता तुम्ही. पोरगी माझ्याच घरात राहून मला विचारत नाही, तूही तिलाच लिहीत बसलास. मी काय मेले होते?

म्हणून पान स्वतः पाहिलं. प्रत्येक डावावर जिंकणाऱ्याचं आणि हरणाऱ्याचं, दोघांचं नाव आहे. माझ्याच डावावर तू ‘विजयमाला विरुद्ध बाहेरगावचा पाहुणा’ असं लिहिलं आहेस. हा पाहुणा कोण, असं प्रणालीने विचारलं. मी सांगितलं. उद्या तिथे भगवंतराव असं नाव छापायला जाईल.

लोभ होता तसाच राहू दे.
तुझी विजू