आमच्या वाडीची बढती

करामा, दुबई
१० फेब्रुवारी २००१

ती. महादूदादा यांस,

विष्णूचा नमस्कार. वहिनींचे गुडघे आणि तुमचा खोकला आपापल्या जागी असतील अशी आशा. आम्ही मजेत आहोत, असं लिही म्हणून वीणा शेजारी बसून सांगते आहे. मी मात्र संपलो. इथल्या भाषेत, खलास.

अबुधाबीला खलिफा सिटीत बंगले होताहेत. त्यांच्या दारं-खिडक्यांचं काम मिळालं तर माझं वर्कशॉप तगेल, नाहीतर कुलूप. काम देणारा आर्किटेक्ट रामिरो, स्पेनचा. आता चहा पुढ्यात आला की आपण माणसाला काय विचारतो? गाव कुठलं? गडी असा खुलला की नकाशे बाजूला सारून मला शिकवायलाच बसला. त्यांच्याकडे चार घरं असली तर 'कासेरीओ', थोडी जास्त तर 'आल्देआ', आणि पंचायत, चर्च, चौक, कारंजं असलं की 'पुएब्लो'. मग छातीवर हात ठेवून म्हणाला, मी पुएब्लोचा. आता त्याच्यापुढे मी कासेरीओचा कसा होऊ? (कान तिखट असले की हा त्रास असतो, शब्द लगेच तोंडात येतो.) मी आपल्या वाडीला पुएब्लो करून टाकलं. पाराला चौक म्हटलं, गळक्या टाकीला कारंजं. पंचायत तर तुम्ही आणि ठकुबाई बांधावरून रोज भरवताच.

घरी अस्मीला सांगितलं, तर म्हणते, "बाबा, दॅट्स नॉट इव्हन अ व्हिलेज." मुलीला एवढी फी भरून हे ऐकायचं.

पुढचं ऐका. शिमग्याच्या सुमारास रामिरो बायकोला घेऊन गोव्याला चाललाय. "यल्ला, चल विष्णू, वाटेत तुझं पुएब्लो बघतो, परत आलो की सही." मी इन्शाल्ला म्हणालो. इथे त्याचा अर्थ नाही असा होतो. त्याने हो धरला.

तुमचा,
विष्णू

ता. क. पाराला चुना लावून घ्या. ठकुबाईला दोन दिवस सरपंच करा, पण बोलू देऊ नका.

ता. क. २ : पाकीट चिकटवतच होतो, तेवढ्यात वीणाने रामिरोच्या बायकोला फोन लावला, पाहुणे काय खातात ते विचारायला. बाई बोलून गेली. त्याच्या पुएब्लोत धूर निघणारी पाचच घरं उरलीत, आणि पंचायत शेजारच्या गावात. म्हणजे हा बघायला नाही, कुणाचं गाव मोठं ते मापायला येतोय. वीणा म्हणते, खरं काय ते सांगून टाका. तिला धंदा कळत नाही. तुम्ही चुना राहू द्या, आणि वरच्या आळीला सगळ्या पोराबाळांसकट कुठल्यातरी जत्रेला धाडा. त्याच्यापेक्षा आपली एक चूल जरी जास्त पेटलेली दिसली, तरी माझं काम गेलं.