ल्युब्लियाना, कोपनहेगनमार्गे

३ जुलै, कासेल ते हॅम्बर्ग

मानवजातीवर झालेल्या अन्यायांची यादी कुणी कधी केलीच, तर तीत माझ्या आजच्या जागेची नोंद व्हावी. तीन आठवडे आधी आरक्षण. खिडकीची जागा. आणि प्रत्यक्षात खिडकीच्या जागी भिंत! राखाडी प्लॅस्टिकची, मधोमध कोट अडकवायचा आकडा. हॅम्बर्ग येईपर्यंत मी त्या आकड्याचं निसर्गसौंदर्य न्याहाळत बसलो. समोर ऑटमार. यानं आरक्षण केलंच नव्हतं, रिकामी दिसली त्या जागेवर बसला आणि त्याला अख्खी खिडकी. वर दर दहा मिनिटांनी म्हणे, हेनिंग, ती बघ गाय.

मी तक्रारखोर नाही. गाडीत बसल्याबसल्या रेल्वेला फक्त दोन पानी पत्र लिहिलं.

ऑटमार माझा शाळेपासूनचा मित्र. एकोणिसाव्या वर्षी आम्ही दोघं असेच पाठीवर बोजा टाकून, रेल्वेचा महिन्याचा पास काढून युरोपभर भटकलो होतो. आता त्रेपन्नाव्या वर्षी गृहस्थानं सायकलींचं दुकान पुतण्याला दिलं, घर सोडलं आणि ल्युब्लियानाला कायमचा निघाला. ब्रेडा नावाच्या एका दातांच्या डॉक्टरणीकडे. कुठल्याशा गायनवृंदांच्या मेळाव्यात ओळख झाली. या वयात!

मी म्हटलं, जा की. पण रेल्वेनं जाऊ, पूर्वीसारखे. यात त्याचं मन वळवण्याचा हेतू अजिबात नाही. माणूस जरा हिंडला की डोकं ताळ्यावर येतं, एवढंच.

मार्ग मी आखलाय. मी भूगोलाचा शिक्षक आहे.

५ जुलै, कोपनहेगन

ऑटमारनं विचारलं, ल्युब्लियाना दक्षिणेला ना रे? मी सांगितलं, दिशा सापेक्ष असतात.

तरुण प्रवाशांच्या वसतिगृहात आठ जणांच्या खोलीत वरचा पलंग मिळाला. चढताना खालच्या पोर्तुगीज मुलीनं आदरानं विचारलं, काका, तुमचा मुलगा कुठल्या खोलीत उतरलाय? ऑटमार इतका हसला, की त्या मुलीनं त्याला बिस्किटं दिली. त्यानं तिला उकडलेली अंडी दिली. ती माझी अंडी होती.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून पाठीचे व्यायाम.

८ जुलै, ॲमस्टरडॅम

व्यायाम पाठीच्या दुखण्यामुळे तहकूब.

पिशवीत पाण्याच्या अकरा रिकाम्या बाटल्या आहेत. आपल्याकडे प्रत्येक बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की परत मिळते, आणि बाहेरच्या देशांतली यंत्रं आपल्या बाटल्यांना ओळख दाखवत नाहीत. म्हणून परत नेतोय. ऑटमार म्हणाला, टाक की लेका, मी देतो पैसे. प्रश्न पैशांचा नाही, तत्त्वाचा आहे. गाडीनं ब्रेक मारला की पिशवी खडखडते आणि हा शेजारच्यांना सांगतो, घाबरू नका, याची तत्त्वं आहेत.

रोज संध्याकाळी हा ब्रेडाशी फोनवर बोलायला बाहेर जातो. तिची भाषा शिकतोय. आतापर्यंत ‘हो’, ‘नाही’ आणि ‘सूप छान झालंय’. मी म्हटलं, एवढ्या भांडवलावर संसार? तो म्हणाला, ‘नाही’ अजून लागलंच नाही.

११ जुलै, लियों

संकल्प: ब्रेडाचा विषय काढायचा नाही. दुपारच्या जेवणाआधीच चार वेळा निघाला. चारही वेळा मीच काढला.

सहज म्हणून सांगितलं, दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावणाऱ्या बाईला माणसाच्या अंतरंगाचं काय कौतुक? ऑटमारनं मान डोलावली, पाव खाल्ला आणि म्हणाला, तुझी उजवीकडची दाढ दुखतेय ना? तीन दिवस डावीकडूनच चावतोयस.

विषय भरकटवण्याची त्याची जुनी खोड.

१४ जुलै, झुरिक

कॉफीच्या किमतीबद्दल काही लिहीत नाही. रक्तदाब.

समोरच्या फलाटावर गाडी उभी. पाटीवर चक्क ल्युब्लियाना. ऑटमार तिच्याकडे बघत उभा राहिला. मी म्हटलं, ही गाडी नेहमी रखडते. आपण म्युनिकला जाऊ. तो म्हणाला, लेका, तू पोरांना भूगोल शिकवतोस ना? गोंगाटामुळे मला ऐकू आलं नाही.

गाडी वेळेवर सुटली. काही गाड्यांना लाज नसते.

१६ जुलै, साल्झबुर्ग सुटल्यावर

भांडण. त्याची बाजू पूर्ण चूक.

म्युनिकला बाटल्यांचं यंत्र बंद होतं. तिथून गाडी निघाली ती सरळ ल्युब्लियानाला जाणारी. मी एवढंच सुचवलं, की साल्झबुर्गला उतरू आणि बुडापेस्ट उरकून घेऊ. ऑटमार म्हणाला, नाही. पहिल्यांदाच म्हणाला. आवाजही चढवला नाही, हे तर फारच उद्धटपणाचं. मी म्हटलं, नाताळच्या आत परत येशील तू. तो म्हणाला, येईन की, तुला भेटायला.

मी उठलो. पिशवी, पाकीट, सगळं तिथंच ठेवून पुढच्या डब्यात येऊन बसलोय. येईल मनधरणी करायला. ओळखतो मी त्याला.

त्याच दिवशी, फिलाखच्या पुढे

मघाशी घोषणा झाली. गाडीचे फिलाखला दोन भाग होतात, आपला डबा तपासा वगैरे. असल्या घोषणा नवख्यांसाठी असतात.

ऑटमार अजून आला नाही. अहंकार, दुसरं काय.

त्याच दिवशी, क्लागेनफुर्ट

हा डबा क्लागेनफुर्टला जातो. फक्त क्लागेनफुर्टलाच. ऑटमार दुसऱ्या तुकड्याबरोबर ल्युब्लियानाकडे. माझी पिशवीही. फोनला चार्ज नाही.

स्टेशनाबाहेर सॉसेजच्या गाड्यावर एक जाडजूड बाई आहे. फोन मागितला, तर तिनं आधी विचारलं, बायकोशी भांडून पुढच्या डब्यात आलात ना? दर आठवड्याला एक येतो तुमच्यासारखा. मी ठणकावून सांगितलं, बायको नाही, मित्र आहे. ती म्हणाली, तेच ते.

ऑटमारला फोन लावला. हॅलो न म्हणता त्यानं विचारलं, जेवलास का?

१७ जुलै, ल्युब्लियाना

काल मला न्यायला क्लागेनफुर्टला ब्रेडा मोटार घेऊन आली. ऑटमारला गाडी चालवता येत नाही, हे मी विसरलो होतो. बुटकी, मोठ्या आवाजाची बाई. पिशवी हातात देत म्हणाली, हेनिंग ना तुम्ही? मोजून घ्या, अकराच्या अकरा आहेत.

मी बाहेर ताटकळतोय म्हणून तिनं घाईत गाडी बसथांब्यावरच लावली होती. काचेवर दंडाची पावती. तीस युरो. तिनं वाचली, हसली, दाराच्या कप्प्यात कोंबली आणि विचारलं, दाढ काय म्हणतेय?

वाटेत मी तिला समजावून सांगितलं, की आमचा मार्ग जरा लांबचा होता, पण त्यात एक भौगोलिक सूत्र होतं. ती म्हणाली, ठाऊक आहे मला. पहिल्याच दिवशी हॅम्बर्गहून ऑटमारचा फोन आला, ब्रेडा, हा मला कोपनहेगनला नेतोय. मी म्हटलं, अहो, मग उतरा आणि सरळ गाडी पकडा! तर म्हणाला, नको गं, हिंडू दे त्याला. माझं सगळं आवरून झालंय. त्याचं आवरायचं राहिलंय.

पुढे डोंगरातला बोगदा आला. मी तिला बोगदे कसे खोदतात याबद्दल थोडी माहिती दिली. बराच वेळ दिली. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही.

१९ जुलै

ऑटमारची हत्यारं इथं तळघरात आधीच टांगलेली आहेत. वसंतातच पाठवलेली. शेजारचा म्हातारा सायकल घेऊन आला आणि त्याला नावानं हाक मारत होता. म्हणजे नाताळपर्यंत परत येण्याची शक्यता मला पूर्वीही फारशी वाटत नव्हती.

ब्रेडानं दाढ भरली. दुखलं नाही. दुखायला हवं होतं.

सूप छान झालं होतं. त्यांच्या भाषेत सांगितलं. ऑटमारनं शिकवलं.

२१ जुलै, परतीच्या गाडीत

सरळ मार्ग. सकाळी निघालो, रात्री कासेल. इतकं जवळ असेल असं नकाशावर वाटत नाही.

स्टेशनबाहेर ब्रेडा तिच्या मोटारीतच थांबली, ऑटमार फलाटापर्यंत आला. म्हणाला, नाताळात ये. मी म्हटलं, बघू, कामं असतात. तो म्हणाला, ये रे. मार्ग मात्र मी आखणार. मग पाठीवर थाप मारली आणि गाडी सुटायच्या आधीच वळून निघाला. मागं वळून बघणाऱ्यातला तो नव्हेच. जिन्यापाशी त्यानं दोनदा बघितलं.

शेजारची जागा रिकामी आहे. पाय पसरायला उत्तम.

सकाळी स्टेशनवर उतरताना मी ब्रेडाच्या मोटारीच्या दाराच्या कप्प्यातली दंडाची पावती खिशात टाकली होती. भावनेचा प्रश्न नाही. दंड वेळेत भरला नाही तर वाढतो, आणि बायकांना या गोष्टींचं गांभीर्य नसतं. आत्ता फोनवरून तीस युरो भरले. भरणाऱ्याचं नाव विचारलं. ब्रेडाचं टाकलं. पावतीचे तुकडे केले आणि फिलाखला गाडी थांबली तेव्हा फलाटावरच्या पेटीत टाकून आलो.