धुऱ्यावरचं कुरडू

प्रिय अक्षरा,

अनेक आशीर्वाद. फोन सोडून ही म्हातारी कागद घेऊन का बसली, म्हणशील. फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू रडतेस, मग मी रडते, तेवढ्यात तुझी आई फोन ओढून घेऊन तेलुगूत काहीतरी विचारते आणि मी नुसती हाव हाव करते. अंगणवाडीत जन्मभर पाटीवर अक्षरं काढून दिली, तेव्हा माझं अक्षर तुला लागेल. हळू वाच, पण शेवटपर्यंत वाच.

गेल्या आठवड्यात तुझा भाऊ येऊन गेला. निजामाबादच्या शिवकुमारचं स्थळ आलंय, बायको वारलेली, माणूस भला आहे, घरी सगळ्यांना पसंत आहे, असं म्हणाला. आणि तू मात्र 'तिकडं अत्तम्मा एकटी पडते' म्हणून नकार देऊन बसली आहेस. बिचारा माझ्यासमोर चोरासारखा बसला होता. सासूला सुनेच्या दुसऱ्या लग्नाचं सांगायचं म्हणजे त्यालाही जड गेलं असेल. मी त्याला पोटभर जेवू घालून गाडीत बसवून दिलं. जे बोलायचं ते तुझ्याशीच बोलायचं होतं.

आधी शेतातलं सांगते. सोयाबीन बरं आहे. बटईनं शेत करणारा आपला व्यंकट तणनाशक फवारायला आला, तेव्हा मी धुऱ्यावर, बांधाच्या कडेला जाऊन उभीच राहिले. म्हटलं, आतलं काय मारायचं ते मार, इथं हात लावलास तर बघ! तो म्हणतो, काकू, आता कुरडू पाळून राहिल्या का? म्हटलं, हाव, पाळून राहिले. आता कमरेएवढं उभं आहे, गुलाबी-पांढरे तुरे आलेत. तू बघितलं असतंस तर तिथंच फतकल मारून बसली असतीस.

तुझ्या पहिल्या वर्षीची गंमत आठवते का गं? नवी नवरी शेतात आली काय आणि कुणी न सांगता कुरडू उपटायला लागली काय! मी इतकी हरखले की शेजारच्या गुणाबाईला हाक मारून दाखवलं, बघ माझी सून, आपणहून खुरपायला लागली. संध्याकाळी घरी येऊन बघते तर ते सगळं तण तू पाण्याच्या बादलीत मानानं उभं केलेलं, अर्धे तुरे रंगात बुडवलेले. आमचं कुरडू तुमचं गुनुगु निघालं! आम्ही ते कोवळं असताना खुडायचो, डाळ-लसूण घालून भाजी करायचो, आणि तुरे आले की बांधाबाहेर फेकायचो. तुमच्याकडं नवरात्रात त्याच फुलांची बतुकम्मा देवी ताटात रचायची, तिच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची, हे मला कुठं ठाऊक होतं? गुणाबाई अजून टोमणा मारते, सुनेचं खुरपण कुठवर आलं म्हणून. माझा लेक भागवत तर हसून हसून खालीच बसला. दुसऱ्या दिवशी तोच गाडीवर जाऊन तुझ्यासाठी तरवडाची पिवळी फुलं घेऊन आला.

मुदखेडच्या रस्त्यावर ट्रकनं माझा मुलगा नेला, आणि तू ताट रचायचं सोडलंस. मी कर म्हणायची, तू नको म्हणायचीस, लोक काय म्हणतील. लोकांना काय, ते तुझ्या हातातली फुलंसुद्धा मोजत बसतात. मला त्याचा अजून लई संताप येतो.

खोटं कशाला बोलू, तू माहेरी गेल्यापासून घर खायला उठतं. सवयीनं दोघींचा चहा टाकते, वाया कशाला घालवायचा म्हणून तुझाही पिते, आणि मग दिवसभर पित्तानं बेजार. तू परत यावीस असं वाटतं का? वाटतं. रोज वाटतं. पण माझं आयुष्य जगून झालंय, पोरी. तुझं अजून व्हायचंय. उद्या मी गेले की या रिकाम्या घरात तू कुणाचे गुडघे चोळणार आहेस?

आता रागावू नकोस. परवा मी धर्माबादहून गाडीत बसले आणि निजामाबादला जाऊन आले. कुणाला पत्ता लागू दिला नाही. विचारत विचारत शिवकुमारचं मोटारी दुरुस्तीचं दुकान गाठलं. तुझं नाव घेतलं तसं त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला, आणि विचारलं, आप उनकी कौन? सासू म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, माँ. तो झटकन उठला, पाया पडायला वाकला, आणि कमरेला हात लावून तसाच अडकला! मला वाटलं, नाटक करतोय. विचारलं तर म्हणे, मुतखडा आहे. अशा वेळी हसू नये, पण मला हसू आवरेना. म्हटलं, बाबा, डॉक्टरला दाखव, त्यात हयगय करू नकोस. पण आमच्या घरी पिढ्यान् पिढ्या यावर कुरडूच्या बियांचं पाणी देत आलेत, तेही घेऊन बघ. माणूस मला आवडला, अक्षरा. हो म्हण. माझी फिकीर करून नाही म्हणालीस तर मला ते ओझं मरेपर्यंत वाहावं लागेल. गेल्या सालचं वाळवलेलं बी पाखडून डब्यात भरून ठेवलंय. पोस्टानं मात्र पाठवणार नाही. ते न्यायला जावयानं स्वतः यायचं, माझ्या लेकीला घेऊन.

तुझीच,
अत्तम्मा